द्राक्षवेलीचीं तीन दुखणीं

इसवी सन १८८२ च्या ऑक्टोबर महिन्याचे ते अखेरचे दिवस होते. फ्रान्स देशाच्या नैऋत्य भागांत, बोर्डो शहराच्या उत्तरेस मेदोक नांवाचा द्राक्षांचा एक विख्यात प्रांत आहे. बोर्डोच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकविणारा पिएर मियार्दे नांवाचा अध्यापक तेथील सेंट ज्यूलियन गांवच्या मळ्यांमधून जात होता. हिवाळ्यास अजून अवकाश होता, तरी वेलींवर पान म्हणून फारसें उरलें नव्हतें. ज्या रोगाला आपल्या नाशिककडील बागाइतदार ‘केवडा’ म्हणतात, त्यानें मळेच्या मळे उघडे केले होते. परंतु रस्त्याच्या अगदीं कडेला असलेल्या वेलींपाशीं येतांच मियार्दे थबकला. त्या वेलींचीं पानें शाबूत होतीं. निरखून पाहतां त्यांच्यावर निळसर पांढऱ्या रंगाचा एक पातळ लेप वाळलेला दिसला.

जवळच बोकायू नांवाचा मोठा मळा होता. तेथील कारभारी एर्नेस्त दाव्हिद याला त्यानें या लेपाचें कारण विचारलें. कारभाऱ्याचें उत्तर साधें होतें. येणारे जाणारे लोक रस्त्यालगतचीं द्राक्षें तोडून खातात, म्हणून कडेच्या ओळींवर जंगाल किंवा मोरचूद व चुना कालवून शिंपडण्याची त्या प्रांतीं चाल होती. निळे डाग पाहिले म्हणजे वाटसरूला तें विष वाटतें, आणि पुढें केलेला हात तो मागें घेतो.

चोरासाठीं केलेला उपाय रोगाला लागू पडला होता. हा योगायोग खराच. पण त्या रस्त्यानें जाणारे येणारे पुष्कळ होते, आणि निळीं पानें त्या सर्वांच्या डोळ्यांपुढें होतीं. त्यांचा अर्थ मियार्देला कां लागला, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर हवें असेल तर चाळीसएक वर्षें मागें गेलें पाहिजे. आणि तेंही द्राक्षाच्या मळ्यांत नव्हे, तर बटाट्याच्या शेतांत.

१८४५ च्या उन्हाळ्यांत बेल्जियममध्यें बटाट्याच्या पिकावर एक नवाच रोग दिसूं लागला. पानांवर काळपट ओले डाग पडत. हवा दमट असली म्हणजे चार-आठ दिवसांत सबंध शेत काळें ठिक्कर होई, कुजका दर्प सुटे आणि जमिनींतील कंदही सडून जात. आपले शेतकरी या रोगाला ‘करपा’ म्हणतात. सप्टेंबरांत तो समुद्र ओलांडून आयर्लंडांत पोहोंचला. तेथील गरीब शेतकऱ्याचें जेवण म्हणजे बटाटा. दुसरें अन्न त्याला परवडत नसे. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची वस्ती ८० लक्षांहून अधिक भरली होती. करप्यानंतरच्या दुष्काळांत सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व तिच्या पाठोपाठ आलेल्या तापांनीं मेलीं, आणि १० लक्षांहून अधिक माणसांनीं देश सोडला. या अनर्थाला जमीनदारी, दारिद्र्य आणि राज्यकर्त्यांची अनास्था हींही कारणें होतीं, हें इतिहासकार सांगतात व तें खरें आहे. तथापि त्याचा आरंभ पानावरच्या एका डागानें झाला.

त्या डागाचें निदान करण्याची खटपट झाली नाहीं असें नाहीं. इंग्लंडचा मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यानें त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत विद्वानांस आयर्लंडला धाडलें. त्यांत जॉन लिंडली हा त्या काळचा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचें मत असें कीं, थंड व पावसाळी हवेमुळें बटाट्याच्या झाडांनीं नको इतकें पाणी शोषून घेतलें, तें त्यांना बाहेर टाकतां आलें नाहीं, आणि म्हणून तीं कुजलीं. पानांवर जी बुरशी दिसते ती कुजल्यानंतर आलेली, असें तो समजत होता. निदान असें ठरल्यावर उपायही त्याच वळणाचे सुचले. बटाटे कोरडे करा, सांठवणीच्या खड्ड्यांत हवा खेळती ठेवा, नासलेले बटाटे किसून त्यांचें सत्त्व काढा, अशा सूचना छापून त्यांच्या हजारों प्रती देशभर वांटण्यांत आल्या. त्या लिहिणाऱ्यांचा हेतु चांगला होता, विद्वत्ताही थोर होती. पण खड्ड्यांतील बटाटे सडावयाचे ते सडलेच. रोगाचें मूळ ज्या ठिकाणीं नव्हतें, त्या ठिकाणीं सारे उपाय चालले होते.

मूळ कोठें आहे हें सांगणारा एक मनुष्य त्याच वेळीं इंग्लंडांतील किंग्ज क्लिफ नांवाच्या खेड्यांत बसला होता. माइल्स जोसेफ बर्कली हा तेथील धर्मोपदेशक. बुरशी आणि शेवाळ यांचा त्याला मोठा नाद होता. रोगट पानें सूक्ष्मदर्शकाखालीं धरून त्यानें पाहिलें, तों पानाच्या खालच्या अंगास असलेल्या सूक्ष्म रंध्रांतून बुरशीचे तंतु बाहेर आलेले आणि त्यांच्या टोकांवर बीजाणू लटकलेले दिसले. १८४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें आपलें मत मांडलें, कीं बुरशी हें कुजण्याचें फळ नसून तीच त्याचें बीज आहे. बहुतेक विद्वानांना तें पटलें नाहीं. पुढें १८६१ सालीं आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानें प्रयोगानें ही गोष्ट सिद्ध केली. निरोगी झाडावर बीजाणू सोडावे म्हणजे रोग होतो, ते न सोडावे म्हणजे दमट हवेंतही होत नाहीं, हें त्यानें दाखवून दिलें. त्यानेंच १८७६ सालीं या जीवाला ‘फायटोफ्थोरा’, म्हणजे वनस्पतींचा संहार करणारा, असें नांव दिलें. आजचे शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशींत गणीत नाहींत. त्याचें नातें तपकिरी शेवाळांशीं अधिक जवळचें आहे. तथापि मुख्य सिद्धान्त बर्कलीचा तोच कायम आहे. त्या काळीं वाळवून संग्रहालयांत जपून ठेवलेलीं रोगट पानें पुन्हा तपासून, दुष्काळ घडविणारा वाण नेमका कोणता होता, हेंही २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं ठरविलें.

या कथेंतील मनाला अधिक लागणारी गोष्ट तर पुढेंच आहे. आयर्लंडांत दुष्काळ पडण्यापूर्वीं अडतीस वर्षें, म्हणजे १८०७ सालीं, फ्रान्समधील मोंतोबाँ या गांवच्या बेनेदिक्त प्रेव्हो नांवाच्या अध्यापकानें गव्हावरील काणी रोगाविषयीं एक ग्रंथ छापला होता. काणीचे काळे बीजाणू पाण्यांत रुजतात, हें त्यानें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें होतें. मात्र एके प्रसंगीं कांहीं केल्या ते रुजेनात. शोध करतां असें आढळलें कीं, वापरलेल्या पाण्याचा तांब्याच्या भांड्याशीं संबंध आला होता. तांब्याचा अत्यल्प अंशही या जीवांना सोसत नाहीं, हें ओळखून त्यानें पेरणीपूर्वीं बियाणें मोरचुदाच्या पाण्यांत भिजविण्याची रीत सांगितली. एवढा सूक्ष्म जीव एवढ्या मोठ्या पिकाचा नाश करितो, हें म्हणणें त्या वेळच्या पंडितांनीं मान्य केलें नाहीं. ग्रंथ मागें पडला. रोगाचें कारण आणि त्यावरचें औषध या दोन्ही गोष्टी अशा रीतीनें एका मनुष्याच्या हातीं आलेल्या असतांही जगानें त्या घेतल्या नाहींत. आयर्लंडच्या शेतांवर मोरचूद कोणी शिंपडला नाहीं, कारण शेतांत मारावयाचें असें कांहीं आहे हेंच कोणाला ठाऊक नव्हतें.

आतां द्राक्षवेलीकडे वळूं. ज्या १८४५ सालीं बटाटा करपला, त्याच सालीं इंग्लंडांत मार्गेट येथें टकर नांवाच्या माळ्याला कांचगृहांतील द्राक्षवेलीवर राख उधळल्यासारखी एक पांढरी भुकटी दिसली. हें द्राक्षवेलीचें पहिलें दुखणें. आपल्याकडे तें ‘भुरी’ या अन्वर्थक नांवानें प्रसिद्ध आहे. थोड्याच वर्षांत भुरी फ्रान्सांत पसरली. घडांतील मणी तडकूं लागले, आणि १८५४ सालीं त्या देशाचें मद्योत्पादन पूर्वींच्या चांगल्या सालांच्या चतुर्थांशावर येऊन ठेपलें. यावर गंधक लागू पडतो, हें माळ्यांच्या ध्यानांत लौकरच आलें. स्वतः टकरनेंही गंधक व चुना वापरून पाहिला होता. पुढें कोरडा बारीक गंधक वेलींवर उधळण्याची पद्धति फ्रान्सच्या दक्षिण भागांत रूढ झाली आणि मळे वांचले. याचें कारण भुरीच्या राहणींत आहे. भुरीची बुरशी पानाच्या बाहेर पसरते; अन्न शोषण्यापुरतींच मुळें ती पानांत रोंवते. बोट फिरविलें तर ती पुसली जाते. शत्रु असा उघड्यावर असल्यामुळें तो आल्यानंतरही गंधक त्याला गांठूं शकतो.

मळेवाल्यांनीं सुटकेचा श्वास टाकला न टाकला तोंच दुसरें दुखणें आलें. १८६० नंतर ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतील वेली कारण नसतां वाळूं लागल्या. पानांवर बुरशी नाहीं, भुकटी नाहीं; वेल फिकी पडे, खुरटे आणि दोन-तीन वर्षांत मरे. गंधक उधळून पाहिला, पण त्याचा उपयोग झाला नाहीं. १८६८ च्या जुलै महिन्यांत माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्याचे दोघे सोबती चौकशीसाठीं सेंट रेमी गांवच्या मळ्यांत गेले. त्यांनीं मेलेल्या वेली उपटून पाहिल्या, तों मुळें कुजलेलीं होतीं, पण त्यांवर कांहींच नव्हतें. मग त्यांनीं शेजारची, वरून चांगली दिसणारी वेल उपटली. तिच्या मुळ्यांवर भिंग धरतांच पिवळ्या रंगाच्या बारीक किड्यांच्या रांगाच्या रांगा दिसल्या. रस संपला कीं ही कीड मेलेली वेल सोडून जिवंत वेलीकडे जाते. म्हणून मेलेल्या वेलींत शोधणाऱ्याला ती कधींच सांपडत नव्हती. रोग ओळखण्याची विद्या किती अवघड आहे, आणि कधीं कधीं ती केवळ योग्य ठिकाणीं पाहण्यांत कशी सांठविलेली असते, याचें याहून चांगलें उदाहरण शोधूनही मिळणार नाहीं.

या किडीचें नांव फायलोक्सेरा. ती अमेरिकेंतून आणलेल्या वेलींबरोबर आली होती. मिसूरी संस्थानाचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यानें १८७१ सालीं फ्रान्सांत येऊन, ती व अमेरिकेंतील कीड एकच असल्याची खात्री करून दिली. फ्रेंच सरकारनें उपाय शोधणाऱ्यास ३ लक्ष फ्रँकांचें बक्षीस जाहीर केलें. मग सूचनांचा पाऊस पडला. वेलीखालीं जिवंत भेक पुरावा असें सुचविणारेही निघाले. बक्षीस कोणालाच मिळालें नाहीं. १८७५ सालीं फ्रान्सांत ८४५ लक्ष हेक्टोलिटर द्राक्षमद्य झालें होतें, तें १८८९ सालीं २३४ लक्षांवर उतरलें. खरा उपाय निघाला तो किडीचें मूळ ठाऊक झाल्यामुळेंच. जी कीड अमेरिकेची, तिला तोंड देण्याची शक्ति अमेरिकेच्याच रानटी वेलींच्या मुळांत असली पाहिजे, असा तर्क करून त्या मुळांवर फ्रान्सच्या वेलींचीं कलमें बांधण्यांत आलीं, आणि तीं जगलीं. या खटाटोपांत पुढाकार घेणाऱ्या शास्त्रज्ञांपैकीं मियार्दे हा एक होता.

परंतु दुसऱ्या दुखण्याच्या औषधानेंच तिसरें दुखणें घरांत आणलें. खुंटांसाठीं अमेरिकेंतून वेली येत होत्या, बहुधा त्यांच्याबरोबरच केवडा आला. १८७८ सालीं नैऋत्य फ्रान्सांत तो प्रथम ओळखला गेला, आणि चार वर्षांत मळे निष्पर्ण करूं लागला. पानाच्या वरच्या अंगास तेल सांडल्यासारखे पिवळट डाग पडतात, आणि त्यांच्याच खालीं पानाच्या उलट बाजूस पांढरी लव उगवते. अजाण डोळ्याला ही लव आणि भुरी सारखींच वाटतात. मळेवाल्यांनीं संवयीनें गंधकाची पिशवी उचलली. पण केवड्याला तो लागू पडेना. दोन्हींचा रंग पांढरा असला तरी जाति निराळी होती. भुरी पानावर राहते, केवडा पानाच्या आंत राहतो. भुरीला ओल्या पानाची गरज नाहीं. केवड्याचे बीजाणू मात्र पानावर पाण्याचा थेंब असल्याखेरीज कांहीं करूं शकत नाहींत. त्या थेंबांत ते फुटतात, त्यांतून अतिसूक्ष्म जीव निघून पोहूं लागतात आणि पानाच्या रंध्रांतून आंत शिरतात. एकदां आंत शिरल्यावर बाहेरून शिंपडलेलें औषध तेथपर्यंत पोहोंचत नाहीं.

ही सारी हकीगत मियार्देला पाठ होती, कारण तो द बारीचा शिष्य होता. मूळचा तो वैद्यकाचा विद्यार्थी. पुढें जर्मनींत जाऊन त्यानें द बारीजवळ वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास केला होता. बटाट्याच्या रोगट पानांवर बर्कलीला जें दिसलें, द बारीनें जें सिद्ध केलें, तें ज्ञान घेऊन तो सेंट ज्यूलियनच्या रस्त्यानें चालला होता. केवड्याला मारावयाचें तर तो आंत शिरण्यापूर्वीं, पानावरच्या त्या थेंबांतच गांठला पाहिजे, हें त्याला ठाऊक होतें. म्हणूनच इतरांना जो चोरांना भिवविण्याचा लेप दिसला, तो त्याला दारावर उभा केलेला पहारा दिसला.

तरीही त्यानें घाई केली नाहीं. पुढील तीन वर्षें त्यानें प्रयोगांत घालविलीं. बोर्डोचाच रसायनशास्त्रज्ञ उलिस गायों आणि बोकायूचा तो कारभारी दाव्हिद हे त्याच्या मदतीस होते. लोखंडाचे क्षार, तांब्याचे क्षार, चुना, सारें निरनिराळ्या प्रमाणांत लावून पाहण्यांत आलें. अखेर १८८५ सालीं त्यानें आपली कृति प्रसिद्ध केली. १०० लिटर पाण्यांत ८ किलो मोरचूद विरघळवावा. दुसरीकडे ३० लिटर पाण्यांत १५ किलो कळीचा चुना विरवावा. दोन्ही एकत्र करावीं म्हणजे आकाशी रंगाचा राबडीसारखा लेप तयार होतो. त्या वर्षीं हें मिश्रण लहान केरसुण्यांनीं वेलींवर शिंपडण्यांत आलें. शरद ऋतूंत जेथें तें पडलें होतें तेथें पानें हिरवीं राहिलीं आणि घड नीट पिकले. जेथें पडलें नव्हतें तेथें नुसत्या काटक्या उरल्या. ‘बोर्डो मिश्रण’ या नांवानें तें जगभर गेलें. मियार्दे १९०२ सालीं वारला. त्यानें या मिश्रणाचा शोध आपल्या बुद्धीचा चमत्कार म्हणून सांगितला नाहीं; कारभाऱ्याशीं झालेलें संभाषण त्यानें स्वतःच नमूद करून ठेवलें आहे.

मोरचूद एकटा शिंपडला तर कोवळें पान जाळतो. चुना त्याची ती आग शमवितो आणि त्याला पानावर चिकटवून ठेवतो. दंव किंवा पाऊस पडला कीं त्या लेपांतून तांब्याचा किंचित् अंश थेंबांत उतरतो आणि पोहणाऱ्या जीवांना मारतो. यावरून हेंही कळतें कीं हें औषध झालेल्या रोगाचें नव्हे, होऊं घातलेल्या रोगाचें आहे. डाग दिसल्यावर धांवाधांव करणाऱ्याला त्याचा फारसा लाभ होत नाहीं.

बटाट्याच्या करप्याची जात तीच असल्यामुळें हेंच मिश्रण त्यालाही लागू पडलें. १८९० नंतर आयर्लंडांत तें फवारलें जाऊं लागलें. ज्यांना तें हवें होतें ते मात्र तोंपर्यंत मातीआड झाले होते. औषध ठाऊक असूनही तें हाताशीं नसलें म्हणजे काय होतें, याचा अनुभव पहिल्या महायुद्धांत जर्मनीला आला. १९१६ च्या ओल्या उन्हाळ्यांत तेथील बटाटा करप्यानें नासला. तांबें युद्धसामग्रीकडे वळलेलें, माणसें आघाडीवर, समुद्रमार्ग रोखलेला. त्या हिवाळ्यांत जर्मन शहरांतील लोकांनीं गुरांना घालावयाच्या सलगमांवर दिवस काढले. तो हिवाळा त्या देशांत सलगमांच्याच नांवानें ओळखला जातो.

हिंदुस्थानांत या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकीं एडविन बटलर हा जन्मानें आयरिश होता, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९०१ सालीं तो या देशांत आला, आणि पुढें बिहारमधील पुसा येथील संस्थेंत राहून त्यानें येथील पिकांच्या रोगांची पद्धतशीर नोंद केली. त्याचा वनस्पतिरोगांवरील ग्रंथ १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. मलनाड, कानडा, गोवा व दक्षिण कोंकण येथील सुपारीच्या बागांना छळणारा जो ‘कोळेरोग’, त्याकडेही त्याचें लक्ष गेलें होतें. कानडींत ‘कोळे’ म्हणजे कुजणें. आषाढ-श्रावणाच्या झडींत कोंवळी सुपारी कुजते, गळते आणि झाडाखालीं सडा पडतो. मलनाडांतील बागाइतदार पावसापूर्वीं एकेका घोसावर गवताची टोपी बांधून त्याचें रक्षण करीत. लेपाऐवजीं टोपी, पण पाण्याचा थेंब फळावर ठरूं द्यावयाचा नाहीं, हें त्यांनीं अनुभवानेंच ओळखलें होतें.

१९०८ सालीं लेस्ली कोलमन हा कॅनडांतील शास्त्रज्ञ म्हैसूर संस्थानच्या नोकरींत आला. कोळेरोगाचा जीव हा बटाट्याच्या करप्याचा सगोत्र, म्हणजे फायटोफ्थोराच, असल्याचें त्यानें १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें. ही ओळख पटतांच उपायासाठीं नवा शोध लावावयाचें कारण उरलें नाहीं. जें मेदोकच्या वेलीवर चाललें, तें मलनाडच्या पोफळीवरही चालणार होतें. पावसाळ्याच्या तोंडाशीं एकदां व पुढें सुमारें चाळीस दिवसांनीं पुन्हा, अशी घोसांवर बोर्डो मिश्रणाची फवारणी सुरू झाली. मुसळधार पावसांत लेप टिकावा म्हणून त्यांत राळेचा चिकटा मिसळण्यांत येऊं लागला. गोव्यांतील व कोंकणांतील बागांत आजही मृगापूर्वीं हीच फवारणी होते.

नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला कीं बागाइतदाराच्या तोंडचें पाणी पळतें, तें केवड्याच्याच भयानें. आतां त्याच्याजवळ नवीं औषधें पुष्कळ आहेत. पण त्यांतील कित्येकांची संवय रोगाला होते, आणि तांब्याची फारशी होत नाहीं, म्हणून जुनें मिश्रण अद्याप मागें पडलेलें नाहीं. तथापि तेंही निर्दोष नाहीं. तांबें नासत नाहीं. वर्षानुवर्षें फवारल्यास तें मातींत सांठतें आणि गांडुळांसारख्या उपकारक जीवांना बाधतें. युरोपांतील जुन्या मळ्यांच्या जमिनींत तें इतकें सांठलें आहे कीं, युरोपीय संघानें २०१८ सालीं त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरीं २८ किलोंची मर्यादा घातली. औषध कितीही गुणकारी असलें तरी तें गरजेपुरतेंच घ्यावें, हा वैद्यकाचा नियम झाडांनाही लागू आहे.

शहरांतील घरीं गच्चीवर चार कुंड्या असतात, त्या बागेलाही या इतिहासाचा उपयोग आहे. पांढरें दिसलें कीं बुरशी, आणि बुरशी म्हटली कीं बाजारांतील कोणतेंही औषध, अशी घाई पुष्कळ घरीं होते. गुलाबाच्या कोंवळ्या पानावर पिठासारखी भुकटी दिसली आणि बोटानें पुसली गेली, तर ती भुरी. तिला गंधक पाहिजे. जास्वंदीच्या शेंड्याशीं कापसाचे पुंजके दिसले, पान चिकट झालें आणि मुंग्यांची रांग लागली, तर ती बुरशीच नव्हे. तो पिठ्या ढेकूण नांवाचा किडा आहे. त्याच्यावर मोरचूद शिंपडणें म्हणजे मुळावरच्या किडीवर गंधक उधळण्यासारखें आहे. तेथें साबणाचें पाणी आणि जुना दांत घासण्याचा ब्रश हींच कामाचीं. पानाच्या वर डाग आणि नेमकी त्याच्याच खालीं लव दिसली, तर केवड्याच्या जातीचा रोग समजून तीं पानें काढून टाकावीं, पाणी पानांवर न घालतां मुळाशीं घालावें, आणि उरलेल्या निरोगी पानांचें रक्षण करावें.

त्यासाठीं बोर्डो मिश्रण घरीं करावयाचें तर अर्धा लिटर पाण्यांत १० ग्रॅम मोरचूद आणि दुसऱ्या अर्ध्या लिटरांत १० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळा विरघळवून, मातीच्या किंवा प्लास्टिकच्या तिसऱ्या भांड्यांत दोन्ही एकदम ओतून ढवळावीं. लोखंडी सुरीचें पातें त्यांत क्षणभर बुडवून पाहावें. पात्यावर तांबूस छटा चढली तर चुना कमी पडला असें समजून थोडी निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि तें पडलेली भाजी किंवा फळ चांगलें धुतल्याखेरीज खाऊं नये.

हें सारें पुढचें काम झालें. पहिलें काम म्हणजे रोगट पान खुडून उजेडांत धरणें, तें उलटून पाहणें, बोट फिरविणें, शक्य तर भिंग लावणें. मेलेल्या झाडाशेजारचें चांगलें दिसणारें झाडही त्याच नजरेनें पाहणें. सेंट ज्यूलियनच्या रस्त्यावर मियार्देनें आरंभीं याहून वेगळें कांहीं केलें नाहीं. तो थांबला, पान निरखलें, आणि ज्याला ठाऊक होतें त्या मळ्याच्या कारभाऱ्याला विचारलें.